मुल्लैतीवूच्या ताईंना सांगलीहून आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळाने गणपतीचा देखावा रद्द करून तो पैसा भिलवडी परिसरातील पूरग्रस्तांकडे वळवला. धान्य, चटया, वह्या सगळे पोहोचले. पण पावसाची सर आली की दप्तर छातीशी धरून माळ्यावर चढून बसणाऱ्या मुलांचे काय करावे, हे आम्हा कोणालाच सुचत नव्हते. तेव्हा चेन्नईत समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या कार्यकर्तीने आपल्या वर्गमैत्रिणीला, म्हणजे तुम्हाला, फोन केला आणि तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत स्वतः इथे आलात. त्याबद्दल आज जाहीरपणे तुमचे आभार मानतो.

इथल्या वाचकांना तुमच्याविषयी थोडे सांगायला हवे. श्रीलंकेतील 1983 पासूनचे यादवी युद्ध मे 2009 मध्ये मुल्लैतीवूच्या किनारपट्टीवर संपले, तेव्हा तुम्ही शाळकरी वयाच्या होतात आणि लाखो विस्थापितांप्रमाणे वावुनियाजवळच्या मेनिक फार्म छावणीत काटेरी कुंपणाआड राहिलात. गावी परतल्यावर तुम्ही आणि तुमच्या बरोबरीच्या मुलामुलींनी देवळाच्या आवारात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. शिकवणारे सतरा-अठरा वर्षांचे, शिकणारे त्यांच्याहून जेमतेम सहा-सात वर्षांनी लहान, आणि दोघांनीही वाळूत खणलेल्या खंदकांत रात्री काढलेल्या. कोणाच्या वडिलांचा पाय भूसुरुंगाने गेलेला, कोणाचे वडील अजून बेपत्ता. बाहेरून आलेले कार्यकर्ते कधी ना कधी परत जातात. तुम्ही त्याच गल्लीत राहणार होतात, आणि मुलांना सर्वांत मोठा आधार त्याचाच होता, असे मला वाटते.

'त्या दिवशी काय झाले' असे मुलांना विचारायचे नाही, हे तुम्ही आल्या आल्या बजावलेत. बोलते केले की मन मोकळे होते, अशीच आमची समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतही आपबीती सांगण्याची बळजबरी करू नये असे म्हटले आहे. तुम्ही मात्र ते भोगून सांगत होतात, कारण छावणीत येणारा प्रत्येक पाहुणा तोच प्रश्न विचारी आणि मग रात्रभर तेच डोळ्यांपुढे येई. त्याऐवजी तुम्ही रोजची वेळ बांधून दिलीत: साडेपाच वाजता, त्याच पारावर, तेच दोन कार्यकर्ते, एकही खाडा न करता. दिवाळीचा किल्ला तुम्हाला नवा होता. अंगणात साठलेल्या पुराच्या गाळातून मुले तटबंदी थापू लागली, तेव्हा त्या घाणीला हात नको म्हणून काही पालक धावून आले. तुम्ही खाली बसलात आणि कोपरापर्यंत हात गाळात घातलेत. माळा न सोडणारा एक मुलगा त्या संध्याकाळी बुरुजावर मावळे मांडत होता.

याहून मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत, ती खोटे आश्वासन न देण्याची. बेपत्ता वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलाला तुम्ही 'येतील' असेही सांगत नाही आणि 'गेले' असेही सांगत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मागत तुमच्या शेजारच्या किलिनोच्ची जिल्ह्यात बेपत्तांच्या आया 2017 पासून रस्त्याकडेला धरणे धरून बसल्या, त्याचे उत्तर आपण देणारे कोण, असे तुमचे म्हणणे. म्हणूनच 'पुन्हा पूर येईल का' या प्रश्नाला तुम्ही आम्हाला 'नाही' म्हणू दिले नाहीत. पाणी चढले तर दप्तर कुठे ठेवायचे, आजीला कोणी धरायचे, कोणत्या शाळेत जायचे, हे मुलांकडूनच ठरवून घेतलेत. 2021 च्या जुलैत पाणी खरोखरच आले. मुले घाबरली, रडलीही, पण कोणाचा हात धरायचा हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि आम्ही फसवले असे एकालाही म्हणावे लागले नाही.

तुमच्या वर्गातील मुलांनी ताडाच्या पानांच्या टोपल्या विणून आमच्या मुलांसाठी पाठवल्या होत्या. त्यांनाही आमचे आभार कळवावेत. इथला वर्ग आता गावातलीच अकरावी-बारावीची मुले चालवतात. त्यांतल्या दोघींना आपल्या अडचणी तुमच्याशी बोलायच्या आहेत, तरी सोयीची वेळ कळवावी.

आपला नम्र,
मंडळाचा एक कार्यकर्ता, सांगली