आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: गोळ्यांच्या रांगेतच मधुमेहींचे पाय बघा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारा फिजिशियन आहे. सरकारी केंद्रातून गोळ्या घेणारे मधुमेही काही बिघडले की माझ्याकडे येतात, आणि त्यांचे कार्ड माझ्या हातात पडते. कार्डावर तारखा असतात, प्रत्येक तारखेपुढे साखरेचा आकडा, बहुतेक वेळा बीपी, आणि 'गोळ्या ३० दिवस'. यापलीकडे फारसे काही नसते. पाय तपासले का, लघवीतून प्रथिने जातात का, कोलेस्टेरॉल किती, ईसीजी कधी काढला, याचा पत्ता नाही.

साखरेचा आकडा महत्त्वाचा आहेच. पण मधुमेही माणूस जातो तो बहुधा हृदयाच्या झटक्याने किंवा पक्षाघाताने. पाय गमावतो तो नसा बधिर झाल्याने आणि रक्तवाहिन्या बुजल्याने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार (२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या) देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात यांना एकत्र हाताळणारा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१० पासून चालू आहे. कागदावर जे एकत्र आहे ते ओपीडीत वेगवेगळे पडले आहे, एवढीच माझी तक्रार.

यावर सरकारी उत्तर काय येईल, याची मला धास्ती वाटते: शिबिर. मंडप, फ्लेक्स, 'मधुमेहींसाठी मोफत हृदय तपासणी', टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, जमल्यास सीटी अँजिओग्राफीची (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) कूपने. कृपया हे करू नका. ज्या मधुमेहींना काही त्रास नाही त्यांची सरसकट अशी तपासणी करून काय साधते, हे अमेरिका-कॅनडात नीट तपासून झाले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायड' अभ्यासात १,१२३ मधुमेही होते. निम्म्यांच्या हृदयाचे स्कॅन केले, निम्म्यांचे केले नाही. सुमारे पाच वर्षांनी पाहिले तर झटक्यांच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नव्हता. २०१४ मध्ये ९०० जणांवर सीटी अँजिओग्राफी वापरून तसाच प्रयोग झाला. त्याचाही निकाल तोच. ज्याला दम लागतो, छाती भरून येते, ईसीजीत बदल दिसतो, त्याला पुढे पाठवायलाच हवे. बाकीच्यांना यंत्राखाली घालून आपण फक्त फोटो काढतो.

फरक पडतो तो कंटाळवाण्या गोष्टींनी. बीपी आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडवणे आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी. 'कार्ड्स' नावाच्या अभ्यासात (२००४) हृदयविकार नसलेल्या, कोलेस्टेरॉलही फार वाढलेले नसलेल्या मधुमेहींना रोज १० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन हे स्टॅटिन दिले. हृदयाचे आणि मेंदूचे मोठे आघात ३७ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास दोन वर्षे आधीच थांबवला. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना ही गोळी चालू करावी असे आज जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कार्डांवर मात्र ती क्वचित दिसते. विचारले तर पेशंट सांगतात, "ती बाहेरून लिहून दिली होती, महिनाभर घेतली." महात्मा फुले योजनेत झटक्यानंतरच्या अँजिओप्लास्टीचा खर्च सरकार उचलते. ते उत्तमच. पण झटका टाळणारी गोळी खिडकीवर नसावी, हे हिशेबातही बसत नाही.

आता पायांबद्दल. यासाठी यंत्र लागत नाही, चपला काढायला लावाव्या लागतात. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत थोडे मागे दोन बोटे ठेवली की एक नाडी लागते; दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. दोन्ही लागत नसतील तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा, आणि ज्याच्या पायाच्या वाहिन्या अरुंद त्याच्या हृदयाच्या वाहिन्यांवरही भरवसा ठेवायचा नाही. मग १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा एक ताठ धागा, तळव्याला वाकेपर्यंत टेकवायचा आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाला विचारायचे, "लागतंय का?" पुष्कळजण "कुठं?" असे विचारतात. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी त्यांना कळत नाही. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी हे सहज करू शकतात. दोन पायांना पाच मिनिटेही लागत नाहीत.

संशय आला तर तालुक्याच्या रुग्णालयात हातात धरायच्या डॉप्लरने (रक्तप्रवाह टिपणाऱ्या छोट्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजावा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.९ पेक्षा कमी आला तर वाहिन्यांत अडथळा आहे. मात्र मधुमेहींत एक फसवा प्रकार आढळतो. वाहिन्यांच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) साठून त्या दबतच नाहीत, आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो पाहून 'रक्तपुरवठा छान आहे' असा शेरा मारलेला मी पाहिला आहे. अशा वेळी पायाच्या बोटाचा दाब मोजावा लागतो. प्रशिक्षणात ही एक गोष्ट तरी घाला.

वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढावे. ३० च्या वर गेले की किडनीबरोबर हृदयाचाही धोका वाढला असे समजतात. नमुना लघवीचा, सुई नाही, उपाशी राहणे नाही. आणि पेशंटला ठरावीक दोन प्रश्न विचारावेत, कारण आपण होऊन तो सांगत नाही. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर जातो का? जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का? मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे झटक्यातही छातीत कळ येतेच असे नाही. नुसता घाम, मळमळ, अस्वस्थपणा. घरचे म्हणतात पित्त झाले, आणि रात्र लिंबू-सोड्यावर काढतात.

आणखी एक. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असतात. त्यांची नोंद गावच्या केंद्रात, पाय उसाच्या पाचटात. बधिर तळव्याला पाचटाचे टोक लागले तर कळायलाही दोन दिवस जातात. तीस दिवसांच्या गोळ्यांचा नियम त्यांच्यासाठी काय कामाचा? निघण्यापूर्वी पाय तपासावेत, तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, आणि कार्ड कारखान्याजवळच्या केंद्रातही चालावे.

यासाठी नवी योजना नको, नवे नावही नको. कार्डावर चार रकाने वाढवा: पाय, लघवी, कोलेस्टेरॉल, स्टॅटिन. ते वर्षातून एकदा भरले की नाही, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक आढाव्यात विचारले जावे. आज तिथे भर असतो तो किती जणांची साखर तपासली यावर, म्हणून तेवढेच होते. अटोर्वास्टॅटिन वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या पुढच्या खरेदीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी वर्षभर पुरेल इतके धरा. मोनोफिलामेंट प्रत्येक उपकेंद्राला द्या. सगळे राज्य एकदम जमत नसेल तर पहिल्या वर्षी ऊसतोड कामगारांचे तालुके घ्या, पण सप्टेंबर संपण्याआधी.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक फिजिशियन