भुलीची माहिती मराठीतूनही मिळावी

महोदय,

निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागांतील मराठी रुग्ण शस्त्रक्रियेसाठी बेळगावला जातात, तेव्हा भुलीच्या संमतिपत्रावरील कन्नड वा इंग्रजी मजकूर न समजताच अनेकजण सही करतात. संपूर्ण भूल एकाच औषधाने दिली जाते, हा गैरसमज तर सार्वत्रिकच आहे. शिरेतून दिलेले प्रोपोफॉल मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा प्रभाव वाढवून मिनिटभरात शुद्ध हरपवते; परंतु ते मेंदूतून स्नायूंकडे झपाट्याने पसरत असल्याने एका मात्रेचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून पुढे सेव्होफ्लुरेनची वाफ श्वासातून द्यावी लागते किंवा प्रोपोफॉलच सतत चालू ठेवावे लागते. केटामाइन या भुलीच्या आणखी एका औषधाचे कार्य निराळे असून ते रक्तदाब सहसा टिकवते. प्रोपोफॉल मात्र तो उतरवते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्याच सकाळी घेतल्या असल्यास ही घसरण वाढू शकते. त्यामुळे चालू औषधे, तंबाखू, बिडी यांपैकी काहीही भूलतज्ज्ञांपासून लपवू नये.

‘नुसता चहाच तर घेतला’ हे उत्तर विशेष धोक्याचे आहे. भुलीत घशाची संरक्षक क्रिया थांबते व पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ शकते. साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते, परंतु दुधाच्या चहासाठी सहा तासांचे अंतर लागते.

एवढी माहिती देणारे एक पानी मराठी पत्रक सीमाभागातील रुग्णालयांनी कन्नड पत्रकासोबत सहीपूर्वी द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, निपाणी