आई-बाबा, हौदाचं पाणी कोमट राहील

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

हीट पंपाची ऑर्डर काल दिली. आगाऊ रक्कमही भरली, तेव्हा "एवढा खर्च कशाला" हे आता नको. परसात हौद बांधायला तुम्ही माझ्या आग्रहाखातर हो म्हणालात, हे मला कळतं. पण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते ३२ अंशांच्या कोमट पाण्यात. डिसेंबरात साताऱ्याच्या गारठ्यात बोअरच्या पाण्यात उतरलात तर गुडघे सुटायचे सोडून आखडतील.

बाबा, तुम्ही हिशेब मागणारच. हौद १३ बाय ८ फूट, पाणी ४ फूट, म्हणजे जवळपास १२,००० लिटर. एवढं पाणी एका अंशानं तापवायला १४ युनिट उष्णता लागते. २२ वरून ३२ वर न्यायला १४०. साध्या कॉइलच्या हीटरनं तेवढीच वीज खाल्ली असती. फ्रिज जसा आतली उष्णता मागून बाहेर टाकतो, तसा हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती त्या ओढण्यापुरती. दुपारच्या उबदार हवेत एका युनिटमागे पाचेक युनिट उष्णता मिळते, म्हणजे १४० चं काम तिशीच्या आत-बाहेर होतं. पत्रकावर याहून मोठे आकडे छापतात, पण ते २६ अंशांच्या दमट हवेतले आणि यंत्र मंद चालत असतानाचे. मी १५ अंशांचा आकडा मागून घेतला, कारण आपल्याला गरज थंडीतच आहे.

५ किलोवॉटचा पंप स्वस्त पडत होता, पण तो थंडीत दुप्पट वेळ चालवावा लागला असता. म्हणून १० किलोवॉटचा, इन्व्हर्टरवाला, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा घेतला. पाणी तापलं की तो वेग उतरवतो, त्यानं वीजही वाचते आणि आवाजही. आई, तुझी दुपारची झोप मोडणार नाही. शिवाय यंत्र न्हाणीघराच्या मागे बसतंय. आतली नळी टायटॅनियमची आहे, कारण क्लोरीनच्या पाण्यात तांबं झिजतं. सोलरचा विचार केला होता गं. पण पावसाळ्यात अजिंक्यतारा दिवसच्या दिवस ढगात असतो, आणि बाबांचे गुडघे नेमके तेव्हाच धरतात.

बाबा, विहिरीत पहिल्यांदा उतरवलंत तेव्हा माझ्या पाठीला वाळका भोपळा होता, तरी पोटाखालचा तुमचा हात मी "सोडा" म्हणेपर्यंत निघाला नाही. पाणी म्हटलं की मला तो हात आठवतो. पाय थकले म्हणून हा हौद नाही हो. तुम्हाला पाण्यावाचून राहिलेलं मला बघवत नाही, एवढंच.

आता नीट ऐका. पंप सकाळी अकरा ते चार चालवायचा, रात्री नाही. पहिल्यांदा पाणी तापायला तीन-चार दिवस लागतील, बिघडला असं समजू नका. संध्याकाळी हौदावर झाकण पडलंच पाहिजे. सगळ्यात जास्त उष्णता वाफेवाटे जाते, आणि रात्रीतून दोन अंश उतरले तरी सकाळी सहाएक युनिट वीज वाढते. यंत्राखाली पाणी ठिबकेल, ती गळती नव्हे. हवेतली वाफ थंड होऊन पडते. यंत्राला मोकळी हवा लागते, म्हणून वर पत्रा टाकू नका, आणि आई, त्यावर वाळवण घालू नकोस. क्लोरीनचा डबाही जवळ ठेवायचा नाही.

बाबा, पाण्यात वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी बीपी बघायचं. एकट्यानं उतरायचं नाही, आई काठावर खुर्ची टाकून बसेल. तिचे सांधे कुरकुरतात तेव्हा तिनंही पाय सोडून बसावं, कठडा दोघांना पुरेल असा करून घेतलाय.

वायरमन मंगळवारी येईल. अर्थिंग आणि करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर बसल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. त्याला चहा द्या, पैसे देऊ नका, ते मी दिलेत.

तुमची,
मनू