पंडितजींचं दप्तर पुराच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी कुरुंदवाडकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून लिहू लिहू म्हणत राहिलेलं हे पत्र आज घाईघाईत लिहितोय, कारण मे महिना संपत आला. एकदा मृग लागला की कुरुंदवाडकराचे डोळे पंचगंगेवरून हलत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची पुस्तकं, पत्रं आणि स्वरलिपीचे कागद जपणाऱ्या आपल्या संग्रहाची खोली तळमजल्यावर आहे. २००५ साली पाणी उंबऱ्याशी येऊन परतलं. २०१९ ला ते आत शिरलं आणि कपाटांचे खालचे दोन कप्पे गिळून गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं, तेव्हा आम्ही रात्रीतून बाडं माळ्यावर चढवली म्हणून निभावलं. यंदा तशी पाळीच येऊ द्यायची नाही, असं समितीने ठरवलं आहे.

आपल्या गावात १८ ऑगस्ट १८७२ ला विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण पंडितजींची जयंती नेमकी पुराच्या दिवसांत येते. २०१९ साली आपण ती कशी केली आठवतंय ना? गाळ उपसून झाला होता, भिंती ओल्या होत्या, वीज नव्हती, आणि मुलींनी मेणबत्तीच्या उजेडात ‘रघुपति राघव’ म्हटलं. त्या दिवशी शेजारच्या अंगणात दोरीवर पंडितजींच्या स्वरलिपीची, म्हणजे गाणं खुणांनी लिहिलेली, पानं वाळत होती. ती पानं वाळली, पण पुष्कळ ठिकाणी शाई पसरली.

शाई पसरली तर एवढं काय बिघडलं, असं मला दोन-तीन जणांनी विचारलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंडितजींच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं तर तो मंद्र (खालच्या) सप्तकातला, उभी रेघ असली तर तार (वरच्या) सप्तकातला, आणि काहीच नसलं तर मध्य. मात्रांच्या खुणा स्वराखाली, त्याही बारीक. टिंब पुसलं की खालचा स्वर मध्यात येऊन बसतो आणि वाचणाऱ्याला काही चुकलंय याचा पत्ताही लागत नाही. त्यात आज रूढ असलेल्या भातखंडे स्वरलिपीत तेच वरचं टिंब तार सप्तकाचं! म्हणजे आज शिकणारं पोर अर्धवट पुसलेलं पान वाचायला बसलं तर चीज पार उलटीच गाईल. ज्या माणसाने गाणं कागदावर उतरवून ते कुणाच्याही पोराच्या हाती देता येतं हे दाखवलं, त्याच्याच गावात ते कागद असे जावेत, हे मला सहन होत नाही.

पंडितजींचे वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. घरात झांज आणि अभंग, पलीकडे नरसोबाच्या वाडीला दत्ताची पालखी. त्याच वाडीत दत्तजयंतीला तोंडाजवळ दारूकाम फुटलं आणि पोराचे डोळे गेल्यात जमा झाले. उपचारासाठी मिरज, आणि मिरजेत गायनाचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. १८९६ पर्यंत तिथे तालीम घेऊन ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडलं. संस्थानिकाच्या दरबारी तनख्यावर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ती गाण्याची शाळा. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तकं, पदवीदान, हे सगळं गाण्यात रुजलं ते मुख्यतः तिथून. आपल्या मुली आज गाण्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा परीक्षा देतात, ती वाट त्यांनी पाडलेली आहे. आणि शाळेइतकंच त्यांनी भजन शिकवलं. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचं गाणं सांभाळत होते आणि १९३० साली दांडीपर्यंत चालत गेले. शाळेचा वर्ग आणि देवापुढची प्रार्थना, दोन्हीकडे पंडितजींचा सूर आहे. आपल्या संग्रहातही म्हणूनच दोन बाजू आहेत: एका कपाटात क्रमिक पुस्तकं, दुसऱ्यात भजनांच्या चोपड्या.

हा संग्रह सुरू झाला जन्मशताब्दीला, १९७२ मध्ये. दुष्काळाचं वर्ष. खडीच्या कामावर माणसं जात होती आणि आपल्या माजी मुख्याध्यापक सरांनी सायकलवरून मिरज, सांगली, इचलकरंजी पालथी घालून दोन पत्र्याच्या ट्रंका भरून आणल्या. पंडितजींच्या ‘संगीत बालप्रकाश’ या क्रमिक पुस्तकाचे भाग त्यांनी रद्दीच्या दुकानातून शेरावर विकत घेतले. सर आज असते तर हे पत्र त्यांनी चार ओळींत लिहिलं असतं आणि पैसे आठवड्यात जमले असते. त्यांच्यामागे तंबोरा आला तो मिरजेच्या एका कारागीर चाचांकडून. गांधर्व महाविद्यालयाचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी जवारी काढून (तारांचा नाद जुळवून) दिली आणि मजुरीचा विषयच काढू दिला नाही. दर दोन वर्षांनी ते स्वतः एस.टी.ने येऊन तारा बदलून जात. वरच्या आळीतल्या आजींनी आपल्या सासऱ्यांच्या ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्या दिल्या. त्यांत पंडितजींचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन आहेत, नारायणराव व्यास आहेत, आणि बापूराव, म्हणजे पंडितजींचे चिरंजीव द. वि. पलुसकर, ते तर आहेतच. बापूराव चौतिसाव्या वर्षी गेले, १९५५ साली. आजी तबकडी लावली की उठून उभ्या राहायच्या. २०१९ ला त्यांचं स्वतःचं घर पाण्यात असताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तबकड्या वर आहेत ना रे?’ होत्या. तेवढं एक समाधान.

बसस्थानकाजवळच्या आपल्या छापखानेवाल्यांनी गेली वीस वर्षं जयंतीच्या पत्रिका फुकट छापल्या. ज्या भगिनींनी पुरानंतर नऊ दिवस घरचं काम टाकून पानागणिक टिपकागद घातले, त्यांची नावं मी इथे देत नाही, कारण त्यांनीच हात जोडून नको म्हटलं आहे. पण गाव त्यांना ओळखतं. पुण्याला नोकरी करणाऱ्या आपल्या एका मुलाने पहिल्या पगारातून लोखंडी कपाट पाठवलं. त्या कपाटाचे पाय उंच होते म्हणूनच पत्रव्यवहाराची बाडं वाचली.

आता जरा मनातलं बोलतो, राग मानू नका. २०२१ च्या पुरानंतर आम्ही असंच पत्र काढलं होतं. घरोघर वाटलं. तीन महिन्यांत अकरा माणसं आली, त्यांतली सात नेहमीचीच. एका संस्थेकडे अर्ज दिला, तो ‘विचाराधीन’ होऊन अजून तिथेच आहे. एक पाहुणे जयंतीच्या व्यासपीठावरून मोठी रक्कम जाहीर करून गेले, टाळ्या झाल्या, फोटो छापून आला, रक्कम आली नाही. ढोल-ताशाला वर्गणी लगेच होते, व्हावीच, मीही देतो. पण त्याच हातांनी शंभर रुपये इकडे का सुटत नाहीत, हे मला खरंच कळत नाही. लाहोरनंतर पंडितजींनी काढलेलं मुंबईचं गांधर्व महाविद्यालय कर्ज काढून उभं राहिलं आणि १९२४ साली सावकारांच्या देण्यापायी त्याच्या इमारतीचा लिलाव झाला. तेव्हाही पंडितजींचं गाणं ऐकायला हजारो होते. २१ ऑगस्ट १९३१ ला ते मिरजेत वारले. आपण तेव्हा नव्हतो, आपला दोष नाही. आज मात्र आपण आहोत.

काम काय आहे ते थोडक्यात: शाळेच्या संस्थेने वरच्या मजल्यावरची एक खोली वापरायला दिली आहे (त्यांचे मनापासून आभार). तिची गळती काढणं, खिडक्यांना जाळी, उंच पायांची चार लोखंडी कपाटं, पानांसाठी आम्लविरहित कागदाची वेष्टनं, वाळवीचं औषध, आणि सुमारे २,४०० पानांचं स्कॅनिंग, असा मिळून अंदाज १ लाख ८५ हजार रुपये. हातात ६२ हजार आहेत. स्कॅनिंग गावातच करायचं, पानं बाहेर जाणार नाहीत. वर्गणी रोख किंवा चेकने रोज संध्याकाळी ६ ते ८ ग्रंथालयात, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ५०० पासून ५० पर्यंत कितीही चालेल. एक कपाट पूर्ण देणाऱ्याचं किंवा त्यांच्या वडीलधाऱ्यांचं नाव कपाटावर लावू. सामान हलवायचं रविवारी, ८ जूनला, सकाळी ७ वाजता. पंधरा तरुण पोरं हवीत, टेम्पो ठरलाय, नाश्ता समितीकडून. जमाखर्च जयंतीला फळ्यावर लावला जाईल.

पैसे नसतील तर घरात शोधा. आजोबांची गाण्याची वही, जुनं प्रमाणपत्र, वर्गाचा फोटो, आश्रमातल्या भजनांचं फाटकं पुस्तक, काहीही. द्यायचं नसेल तर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. रद्दीवाल्याला घालण्याआधी एकदा आम्हाला हाक मारा, एवढंच.

पुणे-मुंबईला, परदेशात असलेल्या आपल्या मुलामुलींना हे पत्र कृपया पुढे पाठवा. त्यांतल्या कितीतरी जणांनी याच खोलीत ‘सा’ लावला आहे.

आपला,
सचिव, संग्रह समिती, कुरुंदवाड

ता. क. तंबोऱ्याचा भोपळा २०२१ च्या दमटपणाने तडकला आहे. मिरजेचे चाचा आता नाहीत, त्यांचे पुतणे बघायला तयार आहेत, पण तंबोरा गादीवर ठेवून नेणारी गाडी हवी. कुणाची मोटार मंगळवारी मिरजेला रिकामी जात असेल तर कळवा.