अपक्षांनी पाठिंबा कोणाला, हे आधीच लिहून द्यावे

मा. संपादक,

गोव्यात विधानसभा निवडणूक जवळ येऊ लागली की आमच्या फोंड्यात अपक्षांच्या नावांची चर्चा सुरू होते. अपक्षाला मत द्यायला माझी मुळीच हरकत नाही. मात्र बहुमत कोणालाच मिळाले नाही तर आपण कोणाला पाठिंबा देणार आणि कोणाला काही झाले तरी देणार नाही, हे त्याने मतदानाआधी सही करून सांगावे.

२०१७ आठवून पाहा. ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) ३, गोवा फॉरवर्ड पक्ष ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. भाजपचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रे मतदारसंघात पडले होते. ११ मार्चला निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी भाजपला पाठिंब्याची पत्रे राज्यपालांकडे पोचली. १४ला भाजपच्या मनोहर पर्रीकरांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी, १६ला २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वासदर्शक ठराव. तीन अपक्षांपैकी दोघे थेट मंत्री झाले. काँग्रेस नेता निवडण्याचा घोळ घालत बसली, तो दोष तिचाच. पण एवढ्या घाईत मतदाराला विचारणार कोण आणि कधी?

२०२२ला भाजप २० वर अडला, तेव्हाही तीन अपक्ष सोबत गेलेच. अपक्ष आमदार निवडून आल्यावर एखाद्या पक्षात शिरला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपात्र ठरतो. बाहेर राहून पाठिंबा द्यायला, मंत्रिपद घ्यायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे आम्हाला हाती धरायला उमेदवाराच्या शब्दाशिवाय काहीच उरत नाही.

गेल्या प्रचारात एक अपक्ष उमेदवार आमच्या वाड्यावर आले होते. तुळशीपुढे खुर्च्या मांडल्या, शेजारपाजारच्या बायका जमल्या. नळाचे पाणी, रस्ता, मुलांच्या नोकऱ्या, सगळ्यावर माणूस पोटतिडकीने बोलला. मी विचारले, "त्रिशंकू विधानसभा आली तर कोणाबरोबर जाणार?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसं!" सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, मंडळी पुढच्या घरी गेली. ते निवडून आले नाहीत. आले असते तर आम्ही त्यांना काय आणि कुठे जाऊन सांगणार होतो?

पक्षाचे उमेदवार तरी कुठे धड राहिले, असे कोणी म्हणेल. खरे आहे. २०२२ला काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, खुरीस (क्रूस) आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. म्हणूनच शपथ नको, कागद हवा.

आपल्या दैनिकात निवडणुकीच्या वेळी उमेदवारांचे शिक्षण, मालमत्ता, गुन्हे यांचा तक्ता येतो. त्यात अपक्षांसाठी एक रकाना वाढवावा: पाठिंबा कोणाला? जो उत्तर देणार नाही, त्याच्या नावासमोर 'उत्तर दिले नाही' असे छापावे.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा