भित्तिचित्रकार सदस्यांसाठी सूचना: कलादालनातील प्रदर्शन

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारपासून शहरातील कलादालनात भरणाऱ्या आपल्या प्रदर्शनासाठीची चित्रे गुरुवारी सायंकाळी 5 वाजेपर्यंत दालनाच्या मागील दाराशी आणून द्यावीत.

1. स्प्रेचा रंग पूर्ण वाळलेला असावा. जाड थर वरून कोरडा भासला तरी आतून ओला राहतो आणि गुंडाळलेल्या प्लास्टिकला चिकटून निघतो.
2. स्प्रेचे डबे ज्वलनशील असल्याने दालनात आणू नयेत.
3. नावाऐवजी टोपणनाव चालेल.

रस्त्यावरील मूळ चित्राचे छायाचित्र मात्र अवश्य जोडावे. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने 2008 साली अशी चित्रे इमारतीच्या बाहेरील भिंतीवरच रंगवून घेतली होती. आपली चित्रे आत लागणार असल्याने प्रेक्षकांना मूळ जागा दिसणे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

– कार्यवाह