बिलात माझी मजुरी लिहिणाऱ्या काकींना

काकी,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "पुरे मरे आता" म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. तुमचं नाव लिहीत नाही, गावही नाही. वेंगुर्ले तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आमच्या वर्कशॉपवरची "काजू प्रक्रिया यंत्रांचे उत्पादक" ही पाटी उतरवली. नव्या पाटीवर "दुरुस्ती, देखभाल, सुटे भाग" एवढंच आहे. शिडी बाबांनी धरली होती. ह्याच्याशी माझा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणून थोडं मागून सांगतो.

बाबांनी ऐंशीच्या दशकात हातापायाने चालवायचे कटर बनवायला घेतले. दोन पात्यांमध्ये बी धरायची, पायाने पॅडल दाबायचं, हाताने दांडा फिरवायचा की टरफल उघडतं. मग वाफेचे कुकर आले, ट्रेचे ड्रायर आले. कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग, खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत आमची मशिनं गेली. बाबांचा एक नियम होता: आपण विकलेल्या मशिनच्या दुरुस्तीला हाताचे पैसे घ्यायचे नाहीत. फार तर बेरिंगचे, पट्ट्याचे. नवी मशिनं खपत होती तोवर हे परवडायचं, कारण दुरुस्तीचा खर्च पुढच्या विक्रीत निघून जायचा.

मग व्हिएतनामची आणि चीनची ऑटोमॅटिक कटिंग मशिनं आली. २०२० पासून केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची योजना सुरू झाली: प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. योजनेला मी नावं ठेवणार नाही. कित्येक बायकांच्या घरामागच्या शेडमध्ये त्यामुळेच मशीन उभं राहिलं. पण अनुदान मशीन घ्यायला मिळतं. तेच मशीन तिसऱ्या हंगामात बंद पडलं तर ते चालू करायला कोणी यायचं, ह्याचा रकाना त्या अर्जात नाही. आमची विक्री थांबली. फुकटचे फोन मात्र थांबले नाहीत.

त्या काळात कोण कसं वागलं ते आता लिहूनच टाकतो. एका मोठ्या कारखानदाराने चतुर्थीच्या तोंडावर वाफेची लाइन दुरुस्त करून घेतली आणि निघताना माझ्या हातात पाव किलोची पुडी ठेवली. उघडून बघतो तर काजूचा तुकडा. अख्खा गर सोडा, अर्ध्या गराची पाकळीसुद्धा नाही! बँकेत गेलो तर साहेब नव्या लेथला कर्ज द्यायला तयार. आम्हाला लेथ नको होती, गाडी हवी होती आणि सुट्या भागांचा साठा. "ह्यात प्रोजेक्ट कुठला?" असं विचारून त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. एका मेळाव्यात व्यासपीठावरून भाषण झालं की तरुणांनी सेवा क्षेत्रात उतरावं. खाली उतरल्यावर त्याच गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या मेहुण्याचा ड्रायर जरा बघून यायला सांगितलं. पैशांचा विषय अर्थातच निघाला नाही.

तुमचा फोन आला तो मार्चमधला, ऐन हंगामातला. मशीन आमचं नव्हतंच. तुम्ही आमचे जुने कटर बाजूला ठेवून बाहेरचं ऑटोमॅटिक घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर बाबांना ते लागलं होतं. दुसऱ्याच्या मशिनला हात लावायचा नाही, उद्या बिघडलं तर आपल्या माथ्यावर, असं त्यांचं म्हणणं. तुमचा डीलर परराज्यातला. आधी त्याने व्हिडिओ कॉल करायला सांगितलं, मग फोन उचलणंच बंद केलं. इकडे वाफवून थंड केलेली बी पोत्यांत, आणि कापायला आलेल्या बायका दारात बसून. मी निघालो.

काय दुरुस्त केलं ते सांगत बसत नाही. एक बेरिंग गेलं होतं, चेनची कडी तुटली होती. मूळ दुखणं वेगळं होतं, आणि ते ह्या भागातल्या निम्म्या मशिनांचं आहे. ही मशिनं येतात ती बारीक, एकसारख्या बीवर सेट करून. आपल्याकडे वेंगुर्ला-४ ह्या जातीची बी साडेसात-आठ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची दहाच्या घरात, आणि त्यातच गावठी बी मिसळलेली, जी ह्यांच्याहून बरीच लहान. चाळून वेगळी न करता सगळी एकाच पात्याखाली घातली तर मोठ्या बीचा गरच कापला जातो. बाजारातली डब्ल्यू ३२० ही गराची प्रत म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस अख्खे गर. त्यातले फुटले की ते पाकळीच्या भावाने जातात. मशीन चालू असतानाही तुमचं रोज नुकसान होत होतं, बंद पडलं म्हणून ते दिसलं एवढंच. त्यात खारी हवा, टरफलाचं तेल आणि संध्याकाळी पडणारा व्होल्टेज. कारखान्यात मशीन बनवणाऱ्याला ह्यातलं काय दिसणार?

पहाटे मशीन चाललं. मी बिलबुक काढलं, सवयीप्रमाणे बेरिंग लिहिलं, कडी लिहिली, बेरीज केली. तुम्ही चष्मा लावून ते वाचलंत.

"ह्या काय? बेरिंग लिवलंस, कडी लिवलंस. आणि तुझो हात खंय लिवलंस?"

मी म्हटलं, "रवांदे काकी, हाताचं काय."

"रातभर मशिनीखाली आडवो पडलंस, ता कोणाच्या नावार?"

आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तुम्ही कडीच्या खालच्या ओळीत स्वतः लिहिलंत: मजुरी, १५००. माझी बेरीज खोडलीत, नवी मांडलीत आणि बिलबुक माझ्याकडे फिरवलंत. "आता सही कर. आज फुकट करशीत तर फुडल्या हंगामाक येतलंस कित्याक?"

काकी, तुम्हाला ह्यात काही विशेष वाटलं नसेल. पैसे ह्याआधीही कोणी कोणी दिले होते, नाही असं नाही. पण ते खिशात कोंबलेले, "चहापाण्याला ठेव" म्हणून, म्हणजे दिले तर उपकार आणि नाही दिले तर काही बिघडत नाही. तुम्ही ते बिलात लिहिलंत, बेरिंगच्या खालोखाल, वस्तूच्या किमतीसारखं. आणि तुम्हाला गरज काय होती? मी मागितले नव्हते. काम झालं होतं. ज्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं राबवून घेतलं त्यांच्या नफ्याच्या मानाने तुमचं शेड केवढंसं!

बाबांनी दुसऱ्या दिवशी बिलबुक चाळलं. कार्बनच्या प्रतीवरचं अक्षर माझं नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मी सांगितलं तसं त्यांनी ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी मात्र वही घेऊन बसले आणि दरपत्रक लिहायला लागले: पात्यांना धार, गिअरबॉक्स उघडणे, बीच्या आकाराप्रमाणे सेटिंग, ड्रायरचा पंखा. मी महिनोन्‌महिने कानीकपाळी ओरडत होतो त्याचा उपयोग झाला नव्हता. गिऱ्हाइकाच्या हातची एक ओळ बघितल्यावर त्यांना पटलं.

त्यानंतर तुम्ही बचतगटातल्या मैत्रिणींना फोन केलेत, तेही मला उशिरा कळलं. "झिल चांगलो असा, पण हाताचे पैसे घेता हां, आधीच सांगतंय." ह्याच्यापेक्षा चांगली जाहिरात आम्हाला छापता आली नसती. जे आले ते पैसे द्यायचे हे धरूनच आले, मला कोणाशी वाद घालावा लागला नाही.

आता आमची लेथ परक्या मशिनांची पाती आणि बुश बनवते. वर्षाचे करार होतात: हंगामाआधी एकदा तपासणी, आणि काम संपल्यावर मिरगाच्या आधी तेलाचा राप काढून ग्रीस, नाहीतर पावसाळ्यात सगळं गंजतं. दोघे कारागीर होते ते दोघेही टिकले. पाती बी कशी कापतायत हे बाबा अजून नुसत्या आवाजावरून ओळखतात, आणि त्या ओळखण्याला आता दर आहे.

माणसाच्या कष्टाची किंमत त्याने तोंड उघडायच्या आधी करणारी माणसं कोकणात कमी नाहीत, हेही लिहायला हवं. माडावर चढणाऱ्याला नारळ मोजून देतात आणि वर मजुरीही देतात, अशी घरं आहेत. भजनाला पखवाज लावून देणाऱ्याचा नारळ आणि पाकीट आरतीआधीच काढून ठेवणारे आहेत. ही माणसं भाषण करत नाहीत, त्यामुळे आठवतही नाहीत पटकन. वाईट वागलेल्यांची यादी मी वर एका दमात लिहिली बघा, आणि चांगल्यांची आठवायला वेळ लागला. पण हिशोब मांडायला बसलं तर आमचं वर्कशॉप असल्याच माणसांनी चालवलंय, अनुदानाने नाही आणि बँकेने तर नाहीच नाही.

असो. आता कामाचं. तुमच्या ड्रायरचा पंखा थरथरतोय, तो नुसत्या ग्रीसने थांबणार नाही; त्याचा शाफ्ट वाकलाय. शिमग्याच्या आधी एक दिवस ड्रायर रिकामा ठेवा, शाफ्ट आम्ही करूनच आणतो. बी चाळायची जाळी ह्या वेळी मोठ्या भोकाची लावू, वेंगुर्ला-७ वेगळी निघाली पाहिजे. बाबाही येणार म्हणतात. तुमचं ते परकं मशीन त्यांना एकदा पूर्ण उघडून बघायचंय.

तुमचा,
कुडाळचा झिल